पळणारा आर्क, फिरवलेला आर्क

मंडळी, टेबलावरचा हा ऊस फोडणारा हॅमर साखर कारखान्यातला आहे. हात लावून बघा, एका बाजूची कड साबणासारखी गुळगुळीत झालीय. हे काम उसाचं नाही. चिकोडी, गोकाककडच्या रानातून ऊस येतो तो माती-वाळू घेऊनच. लोखंड खाते ती वाळू. म्हणून हॅमरच्या तोंडावर वेल्डिंगनं क्रोमियम कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचा थर चढवतात. इथं बेळगावच्या उद्यमबागेत त्याला हार्ड फेसिंग म्हणतात.

अडचण अशी, की थर चढवताना खालचं साधं लोखंडही वितळतं आणि वरच्यात मिसळतं. दुधात पाणी पडावं तसं. हाताच्या रॉडनं पहिला थर मारला, तर त्यात चौथा हिस्सा खालच्याचा सहज असतो. रॉडच्या डब्यावर छापलेला कडकपणा पहिल्या थरात हाती लागत नाही तो यामुळे. मग दुसरा थर, म्हणजे पुन्हा महागडे रॉड.

आता थोडं आडवळण. शिकाऊ होतो तेव्हा डीसी मशीनवर प्लेटच्या कोपऱ्याशी आलो की आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली विजेची ज्वाळ, पळायचा. रॉड इकडे, ज्वाळ तिकडे. मिस्त्री ओरडायचे, "अर्थिंग दुसरीकडे लाव, आर्क आखूड धर!" ते बरोबरच होतं. करंटभोवती चुंबकीय क्षेत्र असतं, ते कडेला एका अंगाला दाटतं आणि आर्कला ढकलतं. फॅरडेनं 1821 साली चुंबकाभोवती वीज वाहणारी तार फिरवून दाखवली. आर्क म्हणजे तशीच तार, फक्त वायूची. म्हणून ती चटकन वाकते.

आर्कची तीच खोड मिसळणं कमी करायच्या कामाला लावायची. वेल्डिंगच्या टॉर्चभोवती तारेचं वेटोळं बसवायचं आणि त्यात वीज सोडायची. आर्कमधली वीज खाली जाताना थोडी पसरते. त्या पसरण्यावर वेटोळ्याच्या उभ्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा रेटा बसतो आणि आर्क गरगर फिरून घंटेसारखा फाकतो. उष्णता मधोमध न साचता पसरते, खोली कमी होते, मिसळणं घटतं.

चुंबक वितळलेलं लोखंड ओढतो, असं मात्र समजू नका. लोखंडाचं ते चुंबकीय आकर्षण 770 अंश सेल्सिअसलाच संपतं. रेटा बसतो तो वितळलेल्या धातूच्या रसातून वाहणाऱ्या विजेवर. वेटोळ्यातला करंट उलटसुलट केला, की रसही एकदा इकडून, एकदा तिकडून ढवळला जातो. गोठताना वाढणाऱ्या स्फटिकांच्या लांब फांद्या मोडतात, प्रत्येक तुकड्यावर नवा कण धरतो आणि कार्बाइड बारीक, सारखं पसरतं. पण क्षेत्र फार वाढवलं तर आर्क बिथरतो, शिंतोडे उडतात, थरात पोकळ्या राहतात. किती करंट, किती फेरे, हे भंगार तुकड्यांवर मारून, कापून, घासूनच ठरवावं लागतं.

मागून कुणी विचारतंय, साधा लोहचुंबक होल्डरला बांधला तर? तो दिशा बदलणार नाही, म्हणून रस उलटसुलट ढवळला जाणार नाही. वर शिंतोडे तेवढे गोळा करील, आणि नीट तापला की त्याची ताकदही जाईल.