साडेबाराशे फूट खाली

नमस्कार श्रोतेहो. वऱ्हाडात बसून समुद्रावर बोलायचं म्हणजे गंमतच. आपल्याकडे भरती-ओहोटी असते ती फक्त कापसाच्या भावाला! तरी आज समुद्राच्या तळाला जाऊन आलेल्या एका बाईंबद्दल सांगते. सिल्व्हिया अर्ल. अमेरिकेच्या, जन्म १९३५ चा. समुद्रातल्या शेवाळावर त्यांनी डॉक्टरेट केली.

१९७० साली तिकडे समुद्रतळावर, ५० फूट खाली, संशोधकांना राहायला एक घर ठेवलं होतं. बायांचेही अर्ज आले आणि साहेबांना घाम फुटला. बाया-पुरुष एका घरात कसे राहणार? शेवटी पाचही बायाच पाठवल्या, प्रमुख अर्लबाई. दोन आठवडे पाण्याखाली राहून, काम करून वर आल्या, तर पत्रकारांचा प्रश्न काय, खाली लिपस्टिक लावत होता का? हसू नका. आपल्याकडे बाई सरपंच होते आणि सत्काराचा हार नवऱ्याच्या गळ्यात पडतो, त्यातलाच हा प्रकार.

पण मला सांगायची आहे ती १९७९ ची गोष्ट. त्याआधी आमची विहीर डोळ्यांसमोर आणा. चाळीस फुटी. बादली पडली की आधी गळ टाकायचा, गळाला लागली नाही की मोठ्या आत्याला हाक. आत्या लुगड्याचा काष्टा घट्ट करायची आणि बुडी मारायची. आम्ही पोरं काठावर श्वास धरून. वर आली की म्हणायची, "खाली लय थंड हाये वं, अन् कान ठणकतात." कान ठणकायचे ते पाण्याच्या दाबानं. आता अशा तीसहून जास्त विहिरी एकाखाली एक लावा. १२५० फूट. पुन्हा सांगते, साडेबाराशे फूट! हवाई बेटांजवळ अर्लबाई तेवढ्या खाली उतरल्या.

अंगात धातूचा जाडजूड पोशाख, हाताच्या जागी सांडशीसारखे चिमटे. एका छोट्या पाणबुडीच्या पुढ्यात त्यांना पट्ट्यानं बांधलं होतं, आपल्याकडे सायकलच्या दांडीवर पोराला बसवतात तसं. तळाला टेकल्यावर पट्टा सोडला आणि बाई चालू लागल्या. वरच्या जहाजाशी दोर नाही, पाणबुडीशी बोलायला तेवढी एक तार. दाब आपल्या हवेच्या जवळजवळ चाळीसपट. पोशाख त्यांनी हट्टानं घातला होता की हौसेनं, कोण जाणे. अडीच तास त्या तिथं फिरल्या.

आणि मग ते पोवळं. बांबूसारखी पेरं असलेलं, उंच, पीळ पडलेलं. पाणबुडीचे दिवे विझवायला सांगितले. अंधार. चिमट्यानं त्याला हळूच स्पर्श केला, आणि निळ्या उजेडाची कडी सरसरत निघाली. कड्यामागून कडी! पावसाच्या तोंडावर निंबाच्या झाडावर काजवे लखलखतात ना, तीच जात त्या उजेडाची, जिवाच्या अंगातूनच निघणारी.

आता विहिरीच उरल्या नाहीत. घरोघरी बोअर आले, विहिरींत कचरा पडला, आणि पोरी पोहायच्या राहिल्या. पाठीला डबा बांधून शिकलेल्या आमच्या पिढीला हे फार लागतं. असो, विषय समुद्राचा.

अर्लबाई पुढं १९९० साली अमेरिकेच्या सागर-हवामान संस्थेच्या मुख्य शास्त्रज्ञ झाल्या, त्या पदावरची पहिली बाई. २००९ मध्ये त्यांनी ‘मिशन ब्लू’ सुरू केलं. जंगलाला अभयारण्य असतं, मेळघाटला, ताडोबाला, तसं समुद्रालाही हवं, हे त्यांचं म्हणणं. मासे खाणंही त्यांनी सोडलं. वैनगंगाकाठच्या मंडळींनी त्यासाठी लगेच रेडिओ बंद करू नये.

आपला संबंध काय, असं म्हणाल. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. फवारणीची रिकामी बाटली बांधावरून नाल्यात गेली की तिची वाट तीच. तिकडच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात.

ही सगळी गोष्ट मी आत्याला सांगितली. आता ती ऐंशीच्या पुढं आहे. तूर निवडत होती. अडीच तास, निळा उजेड, सगळं नीट ऐकलं. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "अन् वर आल्यावर तिले कोनी चहा देला का?"