लोखंडी कपाटाला नवा रंग

मंडळी, जुन्या सामानाला रंग द्यायचा म्हटलं की आपण आधी दुकानात जातो आणि शेडकार्ड मागतो. ते आज बाजूला ठेवू. बोलायचंय ते जवळपास प्रत्येक घरात असलेल्या लोखंडी कपाटाबद्दल. कंपनी कुठलीही असो, आपल्या तोंडी ते ‘गोदरेजचं कपाट’च असतं. पत्रा अजून कित्येक वर्षं जाईल असा, पण दारावर ओरखडे, हँडलजवळ काळपट डाग आणि पायांशी गंज.

या कपाटांचा मूळ रंग बहुतेक वेळा कारखान्यात फवारून भट्टीत भाजलेला असतो, म्हणून तो कडक आणि गुळगुळीत. त्यावर थेट ऑइल पेंट मारला तर तो नुसता वर बसतो, धरत नाही. दोन-तीन महिन्यांनी किल्ली लागली की पापुद्रा सुटतो आणि आपण रंगाच्या डब्याला नावं ठेवतो. कपाट घासलंच नव्हतं, हे कुणी बोलत नाही.

घासण्याच्याही आधी धुणं. देवघराशेजारच्या कपाटावर तेलाचा आणि उदबत्तीचा थर असतो, हँडलभोवती हातांचं तेल, आरशावर आणि दारावर टिकल्यांचा गोंद. गोंद टर्पेंटाइनच्या फडक्याने काढा, मग धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने कपाट पुसा, शेवटी दोनदा साध्या पाण्याने. हा क्रम उलटा करू नका. तेलकट पत्र्यावर घासायचा पेपर फिरवला की तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रंग तिथे गोल गोल मागे सरतो. चकाकीसाठी कधी सिलिकॉनचं पॉलिश वापरलं असेल तर हमखास.

मग २२० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून. जुना रंग उतरवायचा नाही, फक्त चमक घालवायची. ओलं घासायला सांगतो ते धूळ उडू नये म्हणून. घरगुती रंगातलं विषारी शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचं बंधन आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालं. त्याआधीच्या रंगात ते किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि खाली साचलेला चिखल ओल्या फडक्याने उचला, झाडू फिरवू नका.

गंजाकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. फरशी पुसताना पाणी पायांशी आणि तळाच्या घडीत जातं, म्हणून खरा गंज समोरून दिसतच नाही. कपाट रिकामं करून पाठीवर आडवं करा. उडणारा गंज तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पेपरने उघड्या पत्र्यापर्यंत काढा. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो. त्यावर रंग चढवला तर आतला गंज वाढत राहतो आणि फोड येतात. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमरचा हात मारा. मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत तो पत्रा रात्रभरात तांबूस होऊ शकतो.

पोचे भरायला भिंतीची सिमेंटची पुटी वापरतात, ती पत्र्यावर टिकत नाही. दार आपटलं की खपली पडते. बारीक खड्ड्याला नाइफिंग पुटी, म्हणजे पट्टीने ओढून लावायची तयार पुटी, पातळ थरांत. खोल पोच्याला गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची हार्डनर मिसळायची पुटी. सुकल्यावर ३२० नंबरने घासून तेवढ्या जागेवर पुन्हा प्रायमर.

आता रंग. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची पाठ सोडली तर बाहेरून साधारण ४५ चौरस फूट भरतात. एक लिटर ऑइल पेंट दोन हातांना पुरून उरतो, प्रायमर अर्धा लिटर पुष्कळ. डब्यात साय आली असेल तर जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या.

हात पातळच मारायचा. हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वरून खाली कडक होतो. एकाच हातात जाड थर दिला की वर कातडी धरते, आत ओलंच राहतं आणि सुरकुत्या पडतात. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, मध्ये ४०० नंबरने हलकं घासून. पातळ करायला टर्पेंटाइनच घ्या. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर असलेला ड्युकोसारखा फवारायचा रंग ऑइल पेंटवर मारला तर खालचा थर उकलतो. मग सगळं खरवडण्यावाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात हे काम काढूच नये. सुकायला दुप्पट वेळ जातो आणि चमकही मरते.

आतून पांढरा ऑइल पेंट द्यायचा मोह आवरा. बंद अंधारात तो पिवळा पडतो आणि साड्यांना वास लागतो. बाहेरचा रंग हाताला सुका लागला तरी आठवडाभर दारं उघडी ठेवा. दार आणि चौकट जिथे टेकतात तिथे रंग रंगाला चिकटतो, आणि जोरात ओढलं की पापुद्रा निघतो.

सागवानी टेबल-खुर्च्या अशाच रंगवाव्यात का, असं एका चिठ्ठीत विचारलंय. सागाच्या अंगचं तेल रंगाला सुकू देत नाही, ही एक अडचण. पण त्याआधी कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर वर लाखेचं पॉलिश आहे. तेवढं लाख आणि स्पिरिट घालून परत उजळतं, त्यासाठी रंगाचा डबा उघडायला नको.