टर्बो उघडण्यापूर्वी

(वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कास्तकार, वाहनचालक आणि गॅरेजमधील मिस्त्री यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कास्तकार बंधू-भगिनींनो, चालक मंडळी आणि हातातले काम ठेवून आलेले मिस्त्री मित्रहो,

डिझेल इंजिनाच्या टर्बोतून वेगळा आवाज येऊ लागला तर त्याचे कारण कसे शोधावे, हा आजचा विषय आहे. आवाजाचे मुख्य प्रकार आणि त्या प्रत्येकाची तपासणी मी सांगणार आहे. मात्र त्याआधी आपल्या भागात सरसकट दिल्या जाणाऱ्या एका निदानाविषयी बोलणे मला भाग आहे. गाडी शिट्टी मारते एवढे सांगितले, की बोनेट उघडण्याआधीच उत्तर मिळते, ‘टर्बो गेला, भाऊ.’ मागच्या रांगेत काही जणांनी एकमेकांकडे पाहिले, म्हणजे हे वाक्य येथे सर्वांच्या ओळखीचे आहे. या एका वाक्यावर कास्तकाराच्या किंवा गाडीमालकाच्या खिशातून मोठी रक्कम जाते, आणि पुष्कळदा आवाज जेथल्या तेथेच राहतो. टर्बो गेला हा निकाल सगळ्यात शेवटी द्यावा आणि त्याआधी गाडी चालवणाऱ्या माणसाचे पूर्ण ऐकून घ्यावे, हे माझे म्हणणे आहे आणि आज ते मला सविस्तर मांडायचे आहे.

टर्बो काय करतो हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरते, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक बाहेरची हवा ओढून ती दाबाने इंजिनात भरते, आणि हवा जास्त मिळाल्यामुळे जास्त डिझेल नीट जळून ताकद वाढते. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९२० च्या दशकात ती जहाजांच्या मोठ्या डिझेल इंजिनांवर प्रत्यक्षात उतरली. आज आपल्या ट्रकमध्ये, टिप्परमध्ये, हार्वेस्टरमध्ये आणि मोठ्या ट्रॅक्टरमध्येही टर्बो असतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन-अडीच हजारांच्या घरात असतात, तर टर्बोचा शाफ्ट पूर्ण भारावर मिनिटाला एक लाखाच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला सोळाशेहून अधिक फेरे. बहुतेक टर्बोंमध्ये या शाफ्टला बॉल बेअरिंग नसते. तो बुशमध्ये, तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या चाकाला थोडा तरी सूर असणारच, म्हणून नव्या गाडीतही बारीक शिट्टी ऐकू येते आणि तिची काळजी करण्याचे कारण नसते. काल नव्हता तो आवाज आज आला, किंवा कालचा सूर आज बदलला, तर मात्र तपासणी सुरू करावी.

आता एका ट्रकची हकीकत सांगतो. ती थोडी लांबेल, पण माझे सगळे म्हणणे तिच्यात आहे. हिंगणघाटकडच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरून नेणारा तो ट्रक होता. गाडीचा मालक स्वतः कास्तकार, कर्जावर गाडी घेतलेला. चालक वयाने मोठा आणि त्याच गाडीवर पहिल्या दिवसापासून असलेला. भर हंगामात गाडी चढावर शिट्टी मारू लागली, पिकअप पडला आणि सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला. मालकाने गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तेथे गाडी रिकामी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस दिली गेली, शिट्टी काही ऐकू आली नाही, पण पिकअप नाही आणि धूर काळा आहे एवढ्यावर टर्बो गेल्याचे सांगण्यात आले. नवा टर्बो बसला. मालकाने पैसे भरले, गाडीत गाठी भरल्या, आणि तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात तीच शिट्टी त्याच ठिकाणी पुन्हा वाजली.

गाडी परत वर्कशॉपमध्ये गेली. या वेळी फ्युएल पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचे माप तपासून जुळवायला, पाठवले गेले, कारण काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते असा समज पक्का असतो. काळा धूर जास्त डिझेलमुळे येतो तसाच कमी हवेमुळेही येतो, ही गोष्ट त्या वर्कशॉपमध्ये कोणाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ती त्या दिवशी कोणी विचारात घेतली नाही. पंपाचे काम झाले, त्याचेही पैसे भरले गेले, आणि शिट्टी राहिली. जिनिंगचा हंगाम काही थांबत नाही. या मधल्या काळात मालकाच्या फेऱ्या बुडाल्या आणि हप्ता थकला, आणि हे नुकसान कोणत्याही बिलावर लिहिलेले नसते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग ज्या गोष्टीचा आला, ती मात्र वेगळीच आहे. एवढ्या काळात चालकाला एकदाही जवळ बसवून, आवाज नेमका केव्हा येतो, हे कोणी विचारले नव्हते.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी त्याला तेवढेच विचारले. तो म्हणाला, ‘खाली गाडीत वाजत नाही जी. भरल्यावर वाजते, आणि चढ लागला की वाजते. पाय काढला की लगेच बंद.’ अर्धे निदान त्या तीन वाक्यांत होते, आणि ही माहिती टर्बोचा खर्च होण्याच्या आधीही त्याच्याकडे होती.

मिस्त्री मित्रांनी येथे विशेष लक्ष द्यावे. न्यूट्रलमध्ये रेस कितीही दिली तरी इंजिनावर भार नसतो. भार नाही म्हणून डिझेल थोडेच जळते, डिझेल थोडे जळते म्हणून धुरात उष्णता आणि जोर कमी असतो, आणि त्यामुळे टर्बो आपला पूर्ण दाब तयारच करत नाही. भरलेला ट्रक चढावर असताना हवेच्या पाइपमध्ये वातावरणापेक्षा एक ते दीड बार इतका जादा दाब असू शकतो. उभ्या गाडीत त्याच्या आसपासही दाब जात नाही. जो आवाज दाबामुळे येतो, तो दाब नसताना ऐकू यावा अशी अपेक्षा करणेच चूक आहे. म्हणून टर्बोच्या आवाजाची परीक्षा उभ्या गाडीवर पूर्ण होत नाही. गाडी भरलेली असताना, चालकाशेजारी बसून, चढावर ती करावी लागते. ट्रॅक्टर असेल तर नांगर किंवा भरलेली ट्रॉली मागे असावी लागते.

इंजिन बंद करून ते थंड झाल्यावर मी टर्बोपासून इंटरकूलरकडे, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणारा रबरी होज वरून पाहिला. वरून तो उत्तम होता. मग खालच्या बाजूने हात फिरवला, तेव्हा क्लिपच्या कडेशी बोटांना ओलसर, चिकट थर लागला. पाइपमधून हवेबरोबर तेलाचा अंश नेहमी थोडाफार जातो. हवा जेथून गळते तेथे तो बाहेर पडतो आणि त्यावर धूळ चिकटते, त्यामुळे असा काळा ओला डाग म्हणजे गळतीचा पत्ताच असतो. येथे त्या डागात कापसाचे तंतूही अडकलेले होते. डाग पुसल्यावर बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. क्लिप कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळली होती आणि तिची कड रबरात रुतून चीर पडली होती. होज हातात धरून वाकवला की चिरेचे तोंड उघडायचे, सोडला की मिटायचे. रिकाम्या गाडीत ती मिटलेली राहायची. भार आला, दाब वाढला, की उघडून शिट्टी मारायची. होज बदलला, क्लिप बेताने आवळली, आणि गाठी भरून गाडी घाटात नेली तेव्हा शिट्टी, धूर आणि पिकअप या तिन्ही तक्रारी एकदम संपल्या. काढून टाकलेला जुना टर्बो मी मागवून पाहिला. तो चांगला होता.

या हकीकतीला आणखी एक बाजू आहे. गळती असताना इंजिनाला तेवढीच हवा पुरवण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. ती चीर तशीच राहिली असती तर नव्या टर्बोचे आयुष्यही कमी झाले असते, आणि मग नवा टर्बोच खराब निघाला असे बोलले गेले असते. म्हणूनच प्रत्येक गॅरेजमध्ये एक वही असावी असा माझा आग्रह आहे. आवाज थंड इंजिनावर येतो की गरम, भारावर येतो की रिकाम्या गाडीत, पाय दाबताना येतो की सोडताना, धुराचा रंग कोणता, आणि आवाज सुरू होण्याआधी गाडीवर कोणते काम झाले होते, हे चालकाच्या शब्दांत लिहून घेतल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण एअर फिल्टर बदलताना सैल राहिलेली क्लिप हे नव्या आवाजाचे नेहमीचे कारण असते.

संयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे. त्यामुळे आवाजांचे प्रकार आता भराभर सांगतो. जवळ कागद असेल त्यांनी टिपून घ्यावे.

भारावर येणारी आणि पाय काढताच बंद होणारी शिट्टी किंवा फुसफुस, सोबत काळा धूर, म्हणजे दाबाच्या बाजूची गळती. होज, क्लिपा आणि इंटरकूलरचे सांधे पाहावेत. डोळ्यांना दिसत नसेल तर टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर बूच बसवून, रेग्युलेटर लावून जेमतेम एक बार हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. ट्यूबचा पंक्चर शोधतो तसे बुडबुडे दिसतात. कंप्रेसरची हवा रेग्युलेटरशिवाय थेट सोडू नये.

थंड इंजिन सुरू करताच इंजिनाच्या ठोक्याबरोबर फट्-फट् किंवा टिक्-टिक् असा आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर तो कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या नळकांड्याचे, गॅस्केट किंवा मॅनिफोल्डला गेलेला तडा पाहावा. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून गरम गाडीत आवाज सापडत नाही. सांध्यावर काजळीची काळी रेघ मात्र राहते. धूर टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच निसटत असल्यामुळे येथेही पिकअप पडतो, आणि येथेही दोष टर्बोवर येतो.

पाय एकदम काढल्यावर किंवा चढावर फडफड होत असेल तर हवा उलटी ढकलली जात आहे असे समजावे. असे होत असेल तर प्रथम एअर फिल्टर काढून पाहावा. कापसाच्या हंगामात तंतूंनी आणि सोयाबीनच्या मळणीत भुशाने फिल्टर किती लवकर चोंदतो, हे आपल्याला सांगायला नको. तो जमिनीवर आपटून किंवा जोरदार हवेने झटकून स्वच्छ करू नये. कागद फाटतो, आणि फाटक्या फिल्टरमधून गेलेली धूळ टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते.

सायरनसारखा चढत जाणारा सूर येत असेल आणि पाय काढल्यावर तो सावकाश उतरत असेल, किंवा धातू घासल्यासारखी करकर ऐकू येत असेल, तर दोष टर्बोतच असण्याचा संभव मोठा आहे आणि गाडी तेथेच थांबवावी, कारण पाते तुटले तर तुकडे इंजिनात जातात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हवेचा पाइप काढून चाक बोटाने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. शाफ्टला आडवा थोडा हालचालीचा वाव असणे स्वाभाविक आहे, कारण तेलाला जागा लागते. मात्र बाजूला दाबून फिरवल्यावर चाक भोवतीच्या घराला, म्हणजे कव्हरला, घासत असेल, किंवा शाफ्ट पुढे-मागे हललेला हाताला स्पष्ट जाणवत असेल, तर टर्बो गेला असे म्हणावे. चालू इंजिनात टर्बोच्या तोंडाजवळ बोट किंवा फडके कधीही नेऊ नये.

एवढे होऊनही टर्बो बदलण्याची वेळ आलीच, तर जुना कशामुळे गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नये. तेल येण्याचा पाइप चोंदला होता का, तेल परत जाण्याचा पाइप दबला होता का, क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणारी नळी, बंद होता का, ऑईल वेळेवर बदलले होते का, हे पाहावे. नवा बसवताना त्याच्या तेलाच्या छिद्रात स्वच्छ ऑईल भरावे आणि सुरू केल्यावर ऑईलचा दाब येईपर्यंत रेस देऊ नये. शेतातून किंवा घाटातून भार ओढून आलेली गाडी लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावी. लगेच बंद केली तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून कडक थर होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा ही दोन मिनिटे कोणीही वाचवू नयेत.

टर्बोतून तेल इंजिनात शिरून डिझेल बंद केल्यावरही इंजिन चालूच राहते, त्या प्रसंगाविषयी मला बोलायचे होते, पण वेळ संपली आहे. ज्यांना तो अनुभव आला आहे त्यांनी थांबावे, मी स्वतंत्र सांगतो. ज्यांनी आवाज करणारे ट्रॅक्टर बाहेर आणून उभे केले आहेत, त्यांनी आता बोनेट उघडून ठेवावे. इंजिने थंड होईपर्यंत मी प्रश्न घेतो, आणि पहिला प्रश्न चालकांपैकी कोणी विचारावा.