एक नाव, तीन बोटं, एक अक्षर

(दृश्य: काळ्या पार्श्वभूमीवर उजवा हात. बोटं सावकाश जुळतात.)

हा हात जरा जवळून पाहा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं जुळलेली. अनामिका आणि करंगळी तळहाताला टेकलेल्या. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक क्रुसाची खूण करतात ती अशा हाताने: आधी कपाळ, मग पोट, मग उजवा खांदा, शेवटी डावा. कॅथलिकांचा हात बहुधा उघडा असतो आणि डावा खांदा आधी येतो. जुळलेली तीन बोटं म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव; यालाच त्रैक्य म्हणतात. दुमडलेली दोन म्हणजे ख्रिस्ताचं देवपण आणि त्याचं माणूसपण. अक्षरओळख नसलेल्यालाही हा धडा पाठ असतो. बोटांची गोष्ट किरकोळ वाटेल, पण रशियात 1653 साली दोन बोटांऐवजी तीन बोटांनी खूण करण्याचा हुकूम निघाला आणि अशाच फेरबदलांच्या वादात तिथली मंडळी, म्हणजे चर्च, दुभंगली.

ख्रिस्ती शिकवणीत देव एक आहे, तीन नाहीत. ऐकणाऱ्यांची पहिली गल्लत इथेच होते. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते. परमेश्वर एकच आहे, हे बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं वचन त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतलं. तेच लोक येशूला ‘प्रभू’ म्हणून हाक मारू लागले. प्रेषित पौलाने करिंथ इथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी एक अरामी हाक तशीच्या तशी उरली आहे: मारानाथा, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’. आधी प्रार्थना होती. या प्रार्थनेत आपण नक्की कोणाला हाक मारतो, याचा उलगडा करता करता सिद्धांत घडला.

‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही, असं आक्षेप घेणारे सांगतात. खरंच नाही. पण मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात बाप्तिस्म्याची आज्ञा आहे, तिथलं व्याकरण पाहा. पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तिघे येतात. ‘नाव’ हा शब्द मात्र मूळ ग्रीकमध्ये एकवचनी आहे.

(दृश्य: ग्रीक हस्तलिखिताची एक ओळ, अगदी जवळून.)

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांड्रियातला आरियस नावाचा धर्मगुरू सांगू लागला की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा, थोर, पण अखेर निर्माण केलेलाच. तो नव्हता असंही कधी तरी होतं. ऐकायला हे सोपं, म्हणून ते पसरलं. सम्राट कॉन्स्टंटाइनने 325 साली नायसियात परिषद भरवली. जमलेल्या बिशपांची संख्या परंपरेने 318 सांगतात. त्यांनी मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव कबुलीत, एक शब्द घातला, होमोऊसिओस: पित्याशी एकाच तत्त्वाचा. पुढे तीसएक वर्षांनी होमोइऊसिओस हा दुसरा शब्द तडजोड म्हणून पुढे आला: पित्यासारख्या तत्त्वाचा. ग्रीक लिहिताना फरक फक्त एका ‘इ’चा, म्हणजे एका उभ्या रेघेचा.

एवढ्या रेघेसाठी इतका वाद का? आरियसचा विरोधक, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस, याचं उत्तर रोखठोक होतं. जो स्वतः निर्मिलेला आहे तो इतर निर्मिलेल्यांना देवाशी जोडू शकत नाही. आणि पुत्र निर्मिलेला असेल, तर त्याची आराधना करणारी मंडळी सृष्टीचीच पूजा करत बसली आहे. या आग्रहापायी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. सगळी मिळून सतराएक वर्षं.

याहून बारीक भांडण सुमारे 375 सालचं आहे, आणि आम्हांला ते जास्त मोलाचं वाटतं. सीझरियाचा बिशप बेसिल उपासनेत स्तुती दोन तऱ्हांनी म्हणायचा. कधी ‘पित्याला, पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यात’. कधी ‘पित्याला, पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’. दुसरी तऱ्हा ऐकून काहींनी गिल्ला केला. त्यांचा तर्क असा: ‘द्वारे’ म्हणजे साधन, ‘आत’ म्हणजे जागा, तेव्हा पुत्र आणि आत्मा खालच्या पायरीवरचे, त्यांना ‘सह’ कसं लावता? बेसिलने या इवल्याशा शब्दांवर अख्खा ग्रंथ लिहिला. शास्त्रातली वचनं एकेक पुढे ठेवून त्याने दाखवलं की कोणताही शब्द एकट्या पित्यासाठी किंवा एकट्या पुत्रासाठी राखून ठेवलेला नाही. मग दोन्ही तऱ्हा का ठेवायच्या? देवाची थोरवी सांगायची तेव्हा ‘सह’ बोलावं, आणि त्याची कृपा आपल्यापर्यंत कशी पोचते ते सांगायचं तेव्हा ‘द्वारे’ आणि ‘आत’. 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आत्म्याला जीवन देणारा प्रभू म्हटलं आणि पित्या-पुत्राबरोबर त्याची आराधना होते असं मांडलं. बेसिल तोवर हयात नव्हता.

आता त्रैक्य समजावायला देतात त्या दाखल्यांविषयी. शिकवताना हमखास येतो तो पाण्याचा: बर्फ, पाणी, वाफ. तो टाळावा. त्यातून एकच देव पाळीपाळीने तीन सोंगं घेतो असा अर्थ निघतो, आणि हेच मत तिसऱ्या शतकातल्या सबेलियसच्या नावावर नोंदलेलं आहे. येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग पाहा: तो यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, आकाशातून वाणी होते. हे सगळं एकाच वेळी घडतं, सोंग बदलायला तिथे उसंत नाही. तीन पानांच्या डहाळीचा दाखला उलट बाजूला घसरतो, कारण प्रत्येक पान म्हणजे एक तृतीयांश, आणि देवाचे असे वाटे पडत नाहीत. ‘व्यक्ती’ हा शब्दसुद्धा जपूनच वापरावा. तो ऐकला की तीन मनं आणि तीन मर्जी असलेले तिघे शेजारीशेजारी बसलेले डोळ्यांपुढे येतात. शिकवण सांगते की तत्त्व एक, इच्छा एक, कृती एक; वेगळं आहे ते नातं. पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला, आत्मा पित्यापासून निघणारा. पश्चिमेकडच्या मंडळीने इथे ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली. तो तंटा अजून मिटलेला नाही. नवख्याला समजवायचं तर दाखल्याच्या मागे न लागता बेसिलची ओळ द्यावी: पित्याला, पुत्राद्वारे, आत्म्यात. रोज तशी प्रार्थना करणाऱ्याला नात्यांची दिशा आपोआप कळू लागते.

(दृश्य: वाहतं पाणी, त्यात ओंजळ.)

‘दिदाखे’ ही सुरुवातीच्या मंडळीची छोटी पुस्तिका. 1056 साली नकललेली तिची प्रत 1873 मध्ये हाती लागली. तिच्या सातव्या अध्यायात बाप्तिस्म्याच्या सूचना पाककृतीइतक्या नेमक्या आहेत. वाहतं पाणी घ्या. ते नसेल तर दुसरं कुठलंही. गार जमत नसेल तर ऊन. दोन्ही नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करायचा आणि देणाऱ्यानेही करायचा. पुढच्याच अध्यायात उपासाचे वार दिले आहेत, बुधवार आणि शुक्रवार, आणि प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, दिवसातून तीन वेळा म्हणायला सांगितलं आहे.

त्या प्रार्थनेत ‘माझं’ कुठेच नाही, सगळीकडे ‘आमचं’. आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, मग भाकर, मग क्षमा. बहुतेकांचा क्रम चुकतो: सुरुवात भाकरीपासून आणि शेवटही भाकरीवर. मूळ ग्रीकमध्ये भाकरीला लावलेलं एपिऊसिओस हे विशेषण या प्रार्थनेबाहेर जवळजवळ आढळत नाही. कोणी त्याचा अर्थ रोजची असा घेतात, कोणी उद्याची, कोणी जगण्यापुरती. कोणताही घेतला तरी कोठार भरून मागितलेलं नाही. रानात भटकणाऱ्या इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न म्हणजे मान्ना; त्याचा नियम हाच होता. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर. सकाळपर्यंत राखला की त्यात किडे पडायचे. सहाव्या दिवशी तेवढा दुप्पट गोळा करायचा, कारण सातवा विसाव्याचा.

क्षमेसाठी मत्तयाने वापरलेला शब्द हिशेबाच्या वहीतला आहे: ऋण. अठराव्या अध्यायातल्या दृष्टान्तात राजा एका चाकराचं दहा हजार तलांतांचं कर्ज सोडतो, आणि तोच चाकर बाहेर जाऊन सोबत्याची शंभर दीनारांसाठी मानगूट धरतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार. तेव्हा पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, दुसरं शंभर दिवसांचं. प्रवचनात हे शंभर दीनार क्षुल्लक म्हणून उडवून लावतात, ते चूक आहे. तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर घर हलतं, आणि दृष्टान्त ते नाकारत नाही. क्षमा म्हणजे झाकपाकही नव्हे. त्याच अध्यायात आधी पायऱ्या दिल्या आहेत: अपराध करणाऱ्याला एकट्याला गाठून सांग; ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार घेऊन जा; तरीही नाही, तर मंडळीपुढे मांड. पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारली की वाद चव्हाट्यावर येतो आणि माणूस हातचा जातो. गुन्हा मोठा असताना कोणी पहिल्याच पायरीवर अडवून ठेवलं, तर सोसणारा गप्प बसवला जातो.

उपासाचं तेवढं राहिलं. हर्मासच्या ‘मेंढपाळ’ या दुसऱ्या शतकातल्या ग्रंथात त्याची रीत दिली आहे. त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्यायचं. एरवी जे जेवलो असतो त्याची किंमत मोजायची, ती रक्कम बाजूला काढायची आणि विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायची.

(दृश्य: लाकडी टेबल. अर्धी भाकर, पाण्याचा पेला, शेजारी मोजलेली नाणी.)