ताप, जुलाब आणि कोविड

नमस्कार श्रोतेहो. ताप आला, अंग मोडून आलं आणि जोडीला जुलाब लागले, की आपण म्हणतो बाहेरचं काहीतरी बाधलं. कोविडमध्ये हा समज महागात पडू शकतो. 2020च्या सुरुवातीला चीनच्या हुबेई प्रांतातल्या 204 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्यांना पोटाची तक्रार होती. त्यातल्या बहुतेकांची अन्नावरची वासनाच उडाली होती. पोटाची तक्रार असलेली ही मंडळी लक्षणं दिसल्यावर सरासरी 9 दिवसांनी रुग्णालयात पोचली, बाकीची 7.3 दिवसांनी.

कोविडचा विषाणू पेशीवरच्या एसीई-2 नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो आणि हे प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरात भरपूर असतं. म्हणून पोट बिघडतं.

मग पोट बिघडलं म्हणजे आजार गंभीर का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. हुबेईत आजार जितका तीव्र, तितक्या पोटाच्या तक्रारी जास्त दिसल्या. न्यूयॉर्कमधल्या रुग्णांत मात्र अशा तक्रारी असलेल्यांचे मृत्यू उलट कमी होते. त्यामुळे जुलाब मोजून आजाराचा अंदाज बांधू नका. ऑक्सिजन बघा आणि अंगातलं पाणी बघा.

ऑक्सिमीटर लावताना बोट गरम हवं, नखाला नेलपॉलिश नको. बसून आकडा 94 किंवा जास्त असेल आणि दम लागत नसेल, तर घरातल्या घरात 6 मिनिटं चाला. साठीपुढच्यांनी 3 मिनिटं. आकडा 94च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा 3 अंकांहून जास्त उतरला, तर लगेच डॉक्टर गाठा.

आता पाणी. जलसंजीवनीचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात एकदम घाला. चिमूट चिमूट काढून पेल्यात कालवलं की प्रमाण चुकतं. द्रावण दाट झालं तर ते उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं आणि जुलाब वाढतात. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दर जुलाबानंतर मोठ्या माणसाने एक पेला घ्यावा. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट. उरलेलं 24 तासांनी फेकून द्या.

लघवी गडद झाली, सहा-आठ तास झालीच नाही, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सलाईन लागू शकतं. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही. त्यांच्याजवळ पेला घेऊन बसावं लागतं. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला त्रास देतात, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका. शौचात रक्त असेल तर मुळीच नको. जुलाब अँटिबायोटिक सुरू केल्यावर लागले असतील तर तेही सांगा.

शेवटी संडास. झाकण लावून फ्लश करा, हात साबणाने 20 सेकंद धुवा. 2003 साली हाँगकाँगच्या अमोय गार्डन्स वसाहतीत सार्सची, म्हणजे कोविडच्याच जातकुळीतल्या विषाणूच्या आजाराची, लागण 300हून अधिक रहिवाशांना झाली. तिथे न्हाणीतल्या जाळीखालचे ट्रॅप, म्हणजे पाणी साठून खालची हवा अडवणारे वाकडे पाइप, कोरडे पडले होते आणि ड्रेनेजमधली हवा घरांत येत होती. वापरात नसलेल्या न्हाणीच्या जाळीत अधूनमधून तांब्याभर पाणी ओतत जा.