कोपरा राखणाऱ्याचं मोल

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका बाजाराची गोष्ट सांगायची आहे. हा बाजार अमेरिकेत दर मार्चमध्ये भरतो. खेळ अमेरिकन फुटबॉलचा. कोल्हापुरात पेठापेठांतून ज्याच्यासाठी जीव टाकतात तो फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात घेऊन खेळतात, तो. आणि बाजार असतो करार संपलेल्या किंवा संघानं सोडून दिलेल्या खेळाडूंचा. त्यांना फ्री एजंट म्हणतात. जो संघ चांगला करार देईल, त्याच्याकडे जायला ते मोकळे असतात.

या खेळात अकरा जण चेंडू पुढे न्यायला झटतात आणि समोरचे अकरा त्यांना अडवतात. अडवणाऱ्यांपैकी सगळ्यात मागे जे चार-पाच जण उभे असतात, ते डिफेन्सिव्ह बॅक. कडेला कॉर्नरबॅक, मागे खोलवर सेफ्टी. कबड्डीत कोपरा सांभाळणारा गडी चढाईवाल्याच्या पायावर डोळा ठेवून असतो ना, तसंच या कॉर्नरबॅकचं. त्याच्या वाट्याला आलेला प्रतिस्पर्धी समोर तोंड करून सुसाट पळत येतो, आणि याला मात्र सुरुवातीची पावलं उलटी टाकावी लागतात. प्रतिस्पर्धी कुठे वळणार हे त्याचं त्याला ठाऊक; याला त्याच्या कमरेकडे बघून ओळखायचं असतं. शिवाय 1978 पासून नियम असा, की पहिल्या पाच यार्डांत त्याला हातांनी रेटता येतं, त्यापुढे रेटलं की दंड. म्हणजे पाच पावलांत जे काय करायचं ते करा, पुढे नुसतं पळा.

आता अशा माणसाचं मोल ठरवायचं कसं? जो फेकतो त्याच्या फेकींनी चेंडू किती यार्ड पुढे गेला ते मोजलं जातं, जो झेलतो त्याचे झेल मोजले जातात. कॉर्नरबॅक उत्तम खेळला तर त्याच्या बाजूला चेंडू येतच नाही, आणि वहीतलं त्याचं पान कोरं राहतं. अशा कोऱ्या पानासाठी संघ कोट्यवधी डॉलर मोजतात, आणि अनेकदा चुकतात. मला या खेळाचं वेड लागलं ते याच कोड्यामुळे.

जानेवारी 2014. बॉस्टनकडचा न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघांची लढत होती, जिंकणारा थेट अंतिम सामन्यात. दुसऱ्या सत्रातच न्यू इंग्लंडचा मुख्य कॉर्नरबॅक अकीब तालिब धडक बसून बाहेर गेला. मग डेन्व्हरचा चेंडू फेकणारा पेटन मॅनिंग, त्याला रान मोकळं मिळालं. त्यानं 400 यार्ड फेकले, डेन्व्हर 26-16 जिंकलं. आदल्या वर्षीही याच टप्प्यावर तालिब दुखापतीनं बाहेर गेला होता आणि संघ हरला होता. एक माणूस खाली बसला की सगळी भिंत खचते, हे सलग दोन वर्षं दिसलं.

11 मार्चला दुपारी चारच्या ठोक्याला बाजार उघडला, आणि तालिबला डेन्व्हरनंच उचललं! सहा वर्षं, 5 कोटी 70 लाख डॉलर. ज्यांनी हरवलं, त्यांच्याच घरी आपला माणूस गेला. बॉस्टनच्या परिसरात त्या संध्याकाळी काय वातावरण होतं, ते मी स्वतः पाहिलंय; मी तेव्हा नोकरीसाठी तिथेच जवळच्या एका गावात राहत होतो.

दुसऱ्याच दिवशी टॅम्पा बे या संघानं डॅरेल रेव्हिसला सोडलं. हा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला कॉर्नरबॅक. त्याच्या बाजूला गेलेला गडी बेटावर एकटा पडल्यासारखा व्हायचा, म्हणून त्या बाजूला ‘रेव्हिस आयलंड’ म्हणायचे. टॅम्पाशी त्याचा करार सहा वर्षांचा आणि 9 कोटी 60 लाखांचा होता, पण त्यात हमीची रक्कम शून्य. या बाजारात करारावरचा मोठा आकडा वाचून भुलायचं नसतं. हमी किती, ते विचारायचं. हमी नसेल तर सहा वर्षांचा करार एका वर्षात संपतो, तसाच तो संपला.

न्यू इंग्लंडनं त्याच दिवशी त्याच्याशी जमवलं. कागदावर करार दोन वर्षांचा होता, पण दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर, त्यामुळे खरा सौदा एका वर्षाचा, 1 कोटी 20 लाखांचा. त्या वर्षी प्रत्येक संघाला पगारापोटी 13 कोटी 30 लाखांची कमाल मर्यादा होती आणि त्यात 53 खेळाडूंची घरं चालवायची होती. त्यातला जवळजवळ अकरावा हिस्सा एका माणसावर!

मग त्यांनी आणखी एक घेतला, ब्रँडन ब्राउनर. सहा फूट चार इंच उंच, लांब हातांचा, आधी कॅनडात खेळून मग सिअ‍ॅटल सीहॉक्सकडे तीन हंगाम काढलेला. त्याच्यावर पहिल्या चार सामन्यांची बंदी होती, त्यामुळे तो बऱ्याच कमी पैशांत मिळाला. तो पळण्यात फार चपळ नव्हता. पण त्या पाच यार्डांत त्याच्या हातातून सुटणं कठीण. रेव्हिस एकट्यानं सावलीसारखा मागे लागणार, ब्राउनर जागेवरच रेटून धरणार. दोघांची जात वेगळी, म्हणूनच ती खरेदी मला शहाणपणाची वाटते. याच्या उलट, 2011 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघानं नॅमडी असोमुघा या कॉर्नरबॅकला पाच वर्षांसाठी 6 कोटी देऊन आणलं होतं. ओकलंडमध्ये एकेका गड्याला चिकटून खेळणारा तो कसबी माणूस. फिलाडेल्फियात त्याच्याकडून वेगळ्याच पद्धतीचं काम जास्त घेतलं आणि दोन वर्षांत सोडून दिलं. दोष खेळाडूचा म्हणतात लोक. मला तो घेणाऱ्याचा वाटतो.

मे महिन्यात न्यू इंग्लंडमध्ये आणखी एक मुलगा आला, त्याची कुणी दखलही घेतली नाही. माल्कम बटलर. मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा, मधल्या काळात तळलेल्या कोंबडीच्या दुकानात काम केलेला. त्या वर्षी नव्या खेळाडूंच्या निवडीत 256 नावं पुकारली गेली, त्यात याचं नाव नव्हतं. नुसत्या चाचणीसाठी बोलावलं होतं, तिथे टिकला. पगार नवख्याला मिळणारा किमान, वर्षाला 4 लाख 20 हजार.

1 फेब्रुवारी 2015. अ‍ॅरिझोनातल्या ग्लेनडेलला अंतिम सामना, समोर ब्राउनरचाच जुना संघ सिअ‍ॅटल. आमच्याकडे आठवडाभर बर्फ पडून रस्त्यांच्या कडेला कमरेएवढे ढीग साचले होते. एका मराठी मित्राच्या तळघरात आम्ही पंधरा-वीस जण दाटीवाटीनं बसलो होतो. भेळेचं पातेलं मध्ये होतं आणि शेवटच्या सत्रात त्याला कुणी हात लावला नाही.

रेव्हिसकडे बहुतेक वेळ सिअ‍ॅटलचा झेलणारा डग बॉल्डविन होता. बॉल्डविनला अख्ख्या सामन्यात एकच झेल मिळाला, तीन यार्डांचा. तोही टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे घेऊन गुण मिळवून देणारा, कारण रेव्हिसच्या वाटेत पंच आडवा आला. बाकी पान कोरं. दुसरीकडे त्यांच्याच क्रिस मॅथ्यूज नावाच्या, तोवर लीगमध्ये एकही झेल न घेतलेल्या उंच गड्यानं धुमाकूळ घातला होता. उत्तरार्धात त्याच्यावर ब्राउनरला लावलं आणि तो थंडावला. बटलर उत्तरार्धात मैदानात आला.

न्यू इंग्लंड 28, सिअ‍ॅटल 24. शेवटचं मिनिट. सिअ‍ॅटलकडे चेंडू, टचडाउनच्या रेषेपासून एका यार्डावर, म्हणजे जेमतेम दोन हात. न्यू इंग्लंडनं ऐन वेळी तिसरा कॉर्नरबॅक म्हणून बटलरला आत पाठवलं. सिअ‍ॅटलचे दोन गडी उजवीकडे पुढेमागे उभे राहिले. डाव असा, की पुढच्या जर्मेन कर्सनं अडसर व्हायचं आणि मागच्या रिकार्डो लॉकेटनं त्याच्या आडून आत घुसून चेंडू घ्यायचा. सरावात हाच डाव बटलरवर टाकला होता, तेव्हा बटलर चकला होता. या वेळी तो लॉकेटच्या आधी चेंडूवर पोचला आणि त्यानं तो झेलला. वीस सेकंद उरली होती. क्षणभर तळघरात कुणाला कळलंच नाही की चेंडू कुणाकडे आहे. मग जे ओरडलो, वरच्या मजल्यावर झोपलेलं बाळ उठलं.

पुढच्या मार्चमध्ये रेव्हिसच्या दुसऱ्या वर्षाचे 2 कोटी द्यायला न्यू इंग्लंड तयार झालं नाही. तो 7 कोटींच्या करारावर न्यूयॉर्क जेट्सकडे परत गेला. ब्राउनरलाही सोडलं. आणि 2018 मध्ये बटलर स्वतः फ्री एजंट म्हणून बाजारात उभा राहिला. टेनेसीनं त्याला पाच वर्षांसाठी 6 कोटी 10 लाखांचा करार दिला आणि तीन हंगामांनी सोडलं.

त्या डावाची चित्रफीत मी अजूनही पाहतो. सगळ्यांची नजर बटलरवर जाते, पहिली काही वर्षं माझीही जायची. आता मी डोळे ब्राउनरवर ठेवतो. चेंडू हलण्याआधीच त्यानं आपल्या जुन्या संघाचा डाव ओळखलाय. तो बटलरला हातानं खुणावतो, स्वतः कर्सच्या समोर उभा राहतो, आणि चेंडू हलताच दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवून त्याला जागच्या जागी खिळवून टाकतो. कर्स हलत नाही, म्हणून अडसर उभा राहत नाही, आणि बटलरची वाट मोकळी राहते. वहीत त्या डावापुढे बटलरचं नाव आहे. ब्राउनरच्या पानावर त्या डावाची नोंद नाही.

नमस्कार.