मीठ विरघळतं, वितळत नाही

(क्लोजअप. वाफ्यातलं पाणी, वर तरंगणारे पांढरे कण.)

हे पाण्यावर तरंगतंय ना, धूळ वाटेल तुम्हाला, पण ते मीठ आहे. आत्ता, दुपारच्या उन्हात, कॅमेऱ्यासमोर तयार होतंय. नीट बघा, प्रत्येक कण चौकोनी आणि मधे खोलगट, उलट्या पिरॅमिडसारखा. थोडा जड झाला किंवा वाऱ्याने पाणी हललं की बुडतो आणि तळाशी जाऊन वाढत राहतो. हाच तो पुस्तकातला स्फटिक.

आम्ही आहोत शिरोड्याला, वेंगुर्ला तालुका, सिंधुदुर्ग. इथल्या मिठागरांवर मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, दांडीनंतर महिन्याभराने, त्यामुळे शिरोडा शाळेत आलंच तर इतिहासाच्या पेपरात येतं. आणि सातवी-आठवीच्या विज्ञानात जे शब्द घोकून घेतात, द्रव्य, द्रावण, संपृक्त, ते सगळे इथे उघड्यावर पडलेत, पण सहल जाते वॉटरपार्कला. असो.

(ड्रोन शॉट. बांध, वाफे, मागे माड.)

पहिला शब्द द्रव्य. द्रव नाही हां, द्रव्य. ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते. पाणी द्रव्य, मीठ द्रव्य, बांधाचा चिखल द्रव्य, आणि हा वारा जो माइकमध्ये सारखा घुसतोय तोसुद्धा द्रव्यच, वायू अवस्थेतलं. ऊन मात्र नाही, ती ऊर्जा. पण मिठागराला दोन्ही लागतात, नुसतं ऊन असून भागत नाही.

भरतीला खाडीचं पाणी आत घेतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात सगळ्यात जास्त आपलं मीठ. विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं ते द्रावक, दोघं मिळून द्रावण, आणि द्रावण कुठूनही ओंजळभर उचला, सारखंच खारट. ह्यालाच समांगी मिश्रण म्हणतात. गढूळपणा वेगळा, चिखल विरघळत नाही, नुसता लटकलेला असतो आणि पहिल्या मोठ्या वाफ्यात पाणी शांत झालं की खाली बसतो, म्हणून ते विषमांगी.

मग हे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सरकवत नेतात आणि दरवेळी ते थोडं कमी होतं. उकळत नाहीये कुठे, 100 डिग्री वगैरे काही नाही, साध्या उन्हावाऱ्याने पृष्ठभागावरून वाफ निघून जाते, ते बाष्पीभवन. मूळ पाण्याचा साधारण पाचवा भाग उरला की आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा एक क्षार, खाली बसायला लागतं, मिठाचा नंबर त्याच्या बराच नंतर, दहावा भाग उरल्यावर. तोपर्यंत पाणी संपृक्त झालेलं असतं, म्हणजे 100 ग्रॅम पाण्यात 36 ग्रॅमच्या आसपास मीठ, आणखी मावत नाही, जास्तीचं बाहेर पडणार.

इथल्या आजोबांना आम्ही विचारलं, कसं ओळखता? ते म्हणाले, "हात घालून बघ, पाणी जड लागता." हात घातला. खरंच, बोटांना तेलकट, दाट लागतं. त्या जडपणाला पुस्तकात घनता म्हणतात.

(लाकडी फळीने मीठ ओढतानाचा लांब शॉट. इथे निवेदन नाही.)

उरलेलं पाणी सोडून देतात, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, कडू. आमच्या कॅमेरामनने चाखलं, पुढचं फुटेज वापरलेलं नाही.

मीठ हे सोडियम आणि क्लोरीन ह्या दोन मूलद्रव्यांचं संयुग. ती दोन वेगवेगळी दाखवायला आमच्याकडे शॉट नाही, तेव्हा एवढंच सांगतो, सोडियम पाण्यात टाकला तर भडका उडतो, क्लोरीन विषारी वायू आहे, आणि दोघांचं संयुग आपण वरणात घालतो.

वाफे कमी होत चाललेत, तरुण पोरं ह्या कामाला येत नाहीत, आणि 2006 पासून आयोडीन नसलेलं, म्हणजे इथल्यासारखं साधं मीठ थेट खाण्यासाठी विकायला बंदी आहे.

(बांधावर शाळकरी मुलगी, हातात पाण्याचा ग्लास.)

हिने ढिगातला एक खडा ग्लासात टाकला, ढवळला आणि म्हणाली, वितळला. नाही गं. वितळणं म्हणजे स्थायूचा द्रव होणं, आणि मीठ वितळायला 801 डिग्री लागतात. हा विरघळला, अजून तिथेच आहे. तिला पटलं नाही. मग तिने ते पाणी स्टीलच्या ताटलीत पातळ ओतलं आणि ताटली बांधावर उन्हात ठेवून दिली.

संध्याकाळी सामान आवरताना ताटलीच्या कडेने पांढरी रेघ उमटली होती. तिने बोट फिरवलं, चाटलं.